फोटोत चौघी, फोनवर पाचवी

"ताई, मी ३६ वर्षांची. सुट्ट्यांचा सीझन आला की दरवर्षी माझं असंच होतं पण यंदा अतीच झालं म्हणून लिहितेय. महिन्यापूर्वी सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय त्यामुळे आम्ही कुठेच गेलो नाही आणि खरं तर मला त्याचं काही वाटतही नव्हतं. पण रात्री सगळे झोपले की फोन हातात येतो आणि मग कोण कुठे गेलंय, कुणाच्या नवऱ्याने काय सरप्राईज दिलं, कुणाचं घर कसं सजलंय हे बघत बसते, साडेबारा एक वाजतात. आमचा हॉस्टेलपासूनचा पाचजणींचा ग्रुप आहे. परवा रात्री स्टोरी उघडली तर त्या चौघी एकत्र फिरायला गेलेल्या. मला माहीतच नव्हतं. किती वेळा बघितली ती स्टोरी, मोजलं नाही. खाली 'मस्त!! एन्जॉय करा' लिहून बदाम टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांना तयार करून फोटोला बसवलं, नीट येईना, पंधरा-सोळा वेळा काढला, शेवटी सात वर्षांची लेक रडायला लागली तर तिच्यावरच ओरडले. तो फोटो टाकला आणि दिवसभर लाईक मोजले. तिघींनी केलं, जी माझी रूममेट होती, सगळ्यात जवळची, तिने नाही. नवरा म्हणतो ॲप काढून टाक ना, एवढं काय त्यात, आणि स्वतः तासभर रील बघत हसत असतो. मागच्या दोन ट्रिपना मलाच जमलं नव्हतं हेही खरंय. मला फक्त एवढं सांगा की हे जळणं बंद कसं करायचं. – नाव नको"

नाव नको तर नको, असंच बोलू आपण.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की कुणाचा नवरा, कुणाचं सरप्राईज, कुणाचं सजलेलं घर या सगळ्या जगाला मिळून तू एक वाक्य दिलंयस आणि त्या चौघींना जवळजवळ अख्खं पत्र. काय कमेंट टाकली ते आहे, बदाम आहे, कुणी लाईक केलं आणि कुणी नाही हे आहे. आणि शेवटी विचारतेस जळणं बंद कसं करायचं. अगं पण हे सगळं जळणंच आहे का? मला यात दोन वेगवेगळी दुखणी दिसतायत, दोन्ही एकाच रात्री एकाच स्क्रीनवर झाली म्हणून तू दोघांना एकच नाव देऊन मोकळी झालीस. एक म्हणजे दुसऱ्यांची सुट्टी माझ्यापेक्षा भारी चाललीय. दुसरं म्हणजे मला कुणी विचारलं नाही. पहिल्याचा इलाज बराचसा फोनच्या सेटिंगमधे सापडतो. दुसऱ्याचा तिथे काही केल्या सापडणार नाही, तू ॲप काढ, फोन कपाटात कुलूप लावून ठेव, तुला न विचारता चौघी गेल्या ही गोष्ट जागची हलत नाही, उलट आता ती दिसत नाही म्हणून तू मनात रंगवत बसणार आणि मनात रंगवलेल्या ट्रिपमधे कुणाचं पोट बिघडत नाही, कुणाची गाडी चुकत नाही, चौघी आपल्या सारख्या हसतच असतात.

आधी सोपं दुखणं घेऊ.

लिऑन फेस्टिंजर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी १९५४ साली याच विषयावर एक निबंध लिहिला, म्हणजे फोन, फीड वगैरे काहीच नव्हतं तेव्हा. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आपण कितपत ठीक आहोत हे माणसाला तपासून बघायचं असतं, आणि जिथे मोजायला पट्टी नसते तिथे तो दुसऱ्या माणसाकडे बघून मोजतो, आणि तेही कुठल्याही माणसाकडे नाही, आपल्यासारख्याच माणसाकडे. आता बघ, वजन मोजायला काटा आहे, ताप मोजायला थर्मामीटर आहे, पण आपली सुट्टी चांगली गेली का हे कशाने मोजणार? काहीच नाही. मग नजर आपोआप शेजारी जाते. म्हणून तर एखाद्या सिनेनटीचे समुद्रावरचे फोटो बघून तुला काहीही होत नाही, मस्त आहे म्हणून अंगठा पुढे सरकतो, आणि हॉस्टेलमधे तुझ्याच वर्गात, तुझ्याएवढेच मार्क मिळवणाऱ्या मुलीची बाल्कनी दिसली की आत कुठेतरी चिमटा बसतो. यात तू वाईट माणूस आहेस असं काही नाहीये, माणसाचं डोकंच तसं चालतं. ते 'जळकुटी' वगैरे स्वतःला म्हणत असशील तर आधी बंद कर, त्याने फायदा शून्य.

आणि सुट्टीतच हे का वाढतं, याचं मला सुचलेलं उत्तर सांगते. वर्षभर प्रत्येकाचा विषय वेगळा असतो. कुणी नोकरी बदलतं, कुणाचं मांजर आजारी असतं, कुणी मॅरेथॉन पळतं, आणि आपण यातलं काहीच करत नसलो तरी आपल्याला नापास झाल्यासारखं वाटत नाही कारण आपण त्या पेपरला बसलोच नव्हतो. सुट्टीत मात्र सगळ्यांना एकाच आठवड्यात एकच पेपर असतो, कुटुंब, आनंद, फिरणं, हौसमौज, आणि प्रत्येकजण आपली उत्तरपत्रिका सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावतो. तू घरी पेशंट सांभाळत बसलीयस, तुझी उत्तरपत्रिका लावायची कशी? औषधांच्या वेळा लिहिलेल्या कागदाचा फोटो कोण टाकतं?

बरं, भिंतीवर लावणारे तरी किती असतात? एक काम कर, खरंच कर, वाचून सोडून देऊ नकोस. कागद घे. तुझ्या लिस्टमधे समज तीनशे माणसं आहेत. गेल्या चार दिवसांत सुट्टीचे फोटो टाकणाऱ्यांची नावं लिही. माझा अंदाज, पंचवीस-तीस नावांनंतर तुझं पेन अडखळेल. आता दुसऱ्या बाजूला अशी दहा नावं लिही ज्यांच्याकडून या चार दिवसांत काहीच आलेलं नाही. ही दुसरी यादी करायला जास्त वेळ लागतो, कारण गप्प असलेला माणूस आठवावा लागतो, तो आपणहून समोर येत नाही. रात्री एक वाजता 'सगळे मजा करतायत' असं जे तू म्हणतेस ना, त्यातले 'सगळे' म्हणजे ती पंचवीस माणसं, प्रत्येकी आठ-आठ फोटो टाकणारी.

यावर एक गमतीशीर गणितही आहे. स्कॉट फेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिलं की सरासरी बघितली तर आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सोपंय, ज्याला खूप मित्र आहेत तो खूप जणांच्या यादीत असतो, आणि ज्याला एकच मित्र आहे तो एकाच्याच यादीत. त्यामुळे बहुतेकांनी आपल्या यादीकडे बघितलं तर गर्दीवाली माणसंच जास्त दिसणार आणि आपण एकटे आहोत असं वाटणार. फोटोंचंही मला तसंच वाटतं, जो सतत टाकतो तो सतत दिसतो, आणि वर ॲपलाही अशीच पोस्ट पुढे ढकलायची असते जिच्यावर लोक थांबतात. तू त्या स्टोरीवर थांबलीस, परत परत थांबलीस, आता तुला तसलंच अजून दाखवलं जाणार. तिथे कुणी तुझी मनःस्थिती बघत बसलेलं नाहीये ग, फक्त थांबलीस एवढंच मोजलं जातं.

आणि दिसतं ते अर्धंच, हे तुलाही माहितीय, मी नव्याने सांगायला नको. तरी २०११ सालचा एक अभ्यास मला आवडतो, ॲलेक्स जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांवर केलेला. मुलांना विचारलं की तुमच्या बरोबरीच्या मुलांच्या वाट्याला वाईट प्रसंग किती येत असतील, तर सरासरी त्यांनी कमीच अंदाज केला. कारण माणूस रडतो, भांडतो, एकटं पडतो ते बहुतेक दार लावून. आणि ज्यांचा अंदाज जास्त चुकलेला ती मुलं जास्त एकटी वाटून घेणारी निघाली.

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मी एक फोटो टाकला होता, खिडकी, कोवळं ऊन, मांडीवर पुस्तक. लोकांनी काय काय लिहिलं, किती शांत आयुष्य तुमचं, हेवा वाटतो. एका लांबच्या बहिणीने नंतर भेटल्यावर सांगितलं की तो फोटो बघून ती अर्धा दिवस उदास होती, तिच्याकडे पाहुण्यांनी घर भरलेलं आणि तिला बसायला जागा नव्हती. आता खरं सांगू का, त्या खिडकीत मी बसले होते कारण बाहेर भावाशी कडाक्याचं भांडण झालेलं आणि मला त्या खोलीतून बाहेर यायचं नव्हतं. पुस्तक अकराव्या पानावर होतं, संध्याकाळीही अकराव्याच पानावर होतं. मी खोटं बोलले का? नाही म्हणजे खिडकी खरी होती, ऊनही खरं होतं.

एक सल्ला मात्र तुला कुणी ना कुणी देणारच, तो देऊ दे आणि तू ऐकून सोडून दे. 'कितीतरी लोकांना एवढंही मिळत नाही, त्यांच्याकडे बघ.' मला हा प्रकार अजिबात पटत नाही. म्हणजे वर बघून रडायचं ते खाली बघून हसायचं, पण मोजणं चालूच. तुझ्या सासऱ्यांपेक्षा जास्त आजारी माणूस शोधून तुला बरं वाटणार असेल तर ते बरं वाटणं टिकणार किती, पुढची स्टोरी येईपर्यंत.

आता नवऱ्याचं. तो चुकीचं काही बोलत नाहीये, फक्त स्वतःच्या अनुभवावरून बोलतोय. २०२० साली नेदरलँड्समधे ६३ किशोरवयीन मुलांवर एक अभ्यास झाला, आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारायचे की आत्ता काय बघितलंस आणि आत्ता कसं वाटतंय. नुसतं बघत बसण्याने ४६ टक्के मुलांना उलट बरं वाटलं, ४४ टक्क्यांना काहीच फरक पडला नाही, आणि १० टक्क्यांना वाईट वाटलं. मुलं होती, तुझ्या वयाची बायका नव्हेत, पण मुद्दा कळला ना? तोच फोन, तेच ॲप, एकाला हसू आणि एकाला हुंदका. तुझा नवरा पहिल्या गटातला असेल, तू या काही आठवड्यांपुरती तिसऱ्या गटात आहेस. म्हणून त्याला 'एवढं काय त्यात' वाटतं, आणि तुला त्याचं तसं वाटणं लागतं. त्याला एवढंच सांग की मला ॲपबद्दल सल्ला नकोय, रात्री साडेअकराला फोन माझ्या हातातून घे आणि दहा मिनिटं माझ्याशी बोल. रील नंतर बघ म्हणावं, पळून जात नाहीत.

पूर्ण काढून टाकायची गरज आहे असं मला वाटत नाही. २०१८ मधे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, निम्म्यांना सांगितलं की फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला फक्त १० मिनिटं, तीन आठवडे. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. आणि मला जास्त मजेची वाटते ती दुसरी गोष्ट, ज्यांच्यावर काहीच बंधन नव्हतं, जे फक्त आपल्या वापराचे स्क्रीनशॉट पाठवत होते, त्यांचीसुद्धा धास्ती आणि 'आपलं काहीतरी राहून जातंय' ही भावना थोडी उतरली. म्हणजे आपण किती वेळ बघतोय हे रोज आपल्याच डोळ्यांनी बघितलं तरी काहीतरी होतं. तेव्हा फोनमधे स्क्रीन टाईम उघडून तो आकडा रोज बघ, कुणाला दाखवू नकोस, स्वतःला शिव्या देऊ नकोस, नुसता बघ.

बाकी सेटिंगचं पटापट सांगते. इन्स्टाग्रामवर कुणाचीही स्टोरी किंवा पोस्ट म्यूट करता येते, दोन्ही वेगवेगळी करता येतात आणि समोरच्याला कळत नाही, अनफॉलो करण्याचा तमाशा करायची गरज नाही. व्हॉट्सॲपचं स्टेटसही तसंच म्यूट होतं. सुट्ट्या संपल्या की परत चालू कर, हे भांडण थोडीच आहे. लाईकचे आकडे २०२१ पासून लपवता येतात, पण त्यात एक गोम आहे, दुसऱ्यांच्या पोस्टवरचे आकडे तुझ्यापुरते लपतात, आणि तुझ्या पोस्टवरचे दुसऱ्यांपासून लपतात, तुला तुझे बघायचे असतील तर बघता येतातच. म्हणजे तुझ्या दिवसभराच्या मोजणीवर तो इलाज नाही. त्यावर इलाज एकच, पोस्ट टाकायचीच असेल तर टाकून लॉग आऊट करायचं. परत आत शिरायला पासवर्ड टाईप करावा लागला की निम्म्या वेळा माणूस कंटाळून सोडून देतो, मी तरी देते.

आणि स्टोरी २४ तासांत गायब होते ना, ही त्यातली खरी मेख आहे. फोटो उद्या बघितला तरी चाललं असतं, पण स्टोरी आत्ता बघितली नाही तर गेली, म्हणून आपण झोपायच्या आधी एकदा सगळ्यांच्या दारात डोकावून येतो. जाऊ दे की एखादी. ज्या स्टोरीत तुझ्यासाठी काही असेल ती गोष्ट माणूस तुला फोन करून सांगेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. तू लिहिलंयस रात्री, सगळे झोपल्यावर. दिवसभर तू पेशंटचं बघितलंस, मुलीचं बघितलंस, आणि दिवसातली पहिली मोकळी पंधरा मिनिटं तुला मिळाली ती रात्री साडेअकराला, शरीर थकलेलं, डोकं थकलेलं, आणि त्या वेळी तू स्वतःला काय दिलंस तर तीस लोकांच्या सुट्ट्या. तोच फोटो सकाळी दहाला बघितला असतास तर कदाचित नुसतं 'अरे वा' झालं असतं. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लाव. अलार्मसाठी लागतो म्हणशील, तर साधं घड्याळ घे. आणि ती पंधरा मिनिटं दिवसाउजेडी मिळतील अशी काहीतरी सोय कर, सासऱ्यांजवळ नवरा बसेल तासभर, तू बाहेर चालून ये एकटी. मला वाटतं तुझ्या त्या रात्रीच्या स्क्रोलिंगमधे निम्मी तर विश्रांतीची भूकच आहे, आणि पत्रात तू ती कुठेही मागितलेली नाहीस.

एक गोष्ट मधेच सांगून ठेवते कारण नंतर राहून जाईल. सुट्ट्या संपूनही दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, कशातच मन लागत नाही, सारखं रडू येतंय असं असेल तर मग हा माझ्या सदराचा विषय नाही, डॉक्टरांना भेटायचं, लाजायचं नाही.

आता फोटोबद्दल. ओरडा नाही मारणार, पण हे टाळून पुढे जाता येत नाही. बराश, झॉबरमन आणि डील या तीन संशोधकांचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की लोकांना दाखवायचा म्हणून फोटो काढला की त्या क्षणाची मजा कमी होते, आणि स्वतःसाठी आठवण म्हणून काढला तर तसं होत नाही, कारण दाखवायचा म्हटलं की आपण आतून बाहेर येऊन स्वतःकडे बघायला लागतो, लोकांना कसं दिसेल. तुझी ती सकाळ आठव. पंधराव्या फोटोला तू त्या खोलीत होतीस का? तू तर त्या चौघींच्या फोनमधे जाऊन बसलेलीस आणि तिथून आपल्या घराकडे बघत होतीस, आणि तिथून बघताना तुला एक सात वर्षांची मुलगी दिसली जी नीट हसत नव्हती. तिला तर माहीतही नाही की हा फोटो नक्की कुणासाठी चाललाय.

तिला सॉरी म्हण. नुसतं 'सॉरी हं बाळा' करून पापा घेऊ नकोस, कशासाठी ते सांग. "मला फोटो चांगला यायला हवा होता म्हणून मी तुझ्यावर ओरडले, तुझं काहीच चुकलं नव्हतं." सात वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं. आणि तो टाकलेला फोटो ठेवायचा की काढायचा हे तिलाच विचार, तिचाही चेहरा आहे त्यात. पाचव्या-सहाव्या प्रयत्नातला एखादा फोटो फोनमधे उरलाच असेल, कुणाचे डोळे मिटलेले, सासरे भलतीकडे बघतायत, असला. तो ठेव स्वतःसाठी. वीस वर्षांनी तोच बघशील.

आता दुसरं दुखणं, ज्याच्यासाठी मला वाटतं तू खरं पत्र लिहिलंस.

तुला न विचारता चौघी गेल्या. याचं वाईट वाटणं याला जळणं म्हणत नाहीत. तुला त्यांची ट्रिप हिसकावून घ्यायची नव्हती, तुला तर जमलंच नसतं, सासऱ्यांना टाकून तू गेली नसतीस, तूच लिहिलंयस. तुला हवा होता एक मेसेज, 'येतेस का ग?' आणि तू 'नाही ग जमणार' म्हटलं असतंस आणि मग त्यांचे फोटो बघून खरंच मस्त एन्जॉय करा लिहिलं असतंस, बदामासकट. तोच फोटो, त्याच चौघी, पण तुला मग तो बाहेरून बघावा लागला नसता.

का विचारलं नाही? मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. दोनदा तू नाही म्हणालीस, शिवाय ऑपरेशनचं त्यांना माहीत असेल, कदाचित त्यांना वाटलं असेल उगाच विचारून तिला वाईट कशाला वाटू द्यायचं. चांगली माणसं असा घोळ पुष्कळदा घालतात, दुसऱ्याचा नकार स्वतःच देऊन टाकतात. किंवा असंही असेल की खरंच कुणालातरी तू नको होतीस. किंवा चौघी एका गावात राहत असतील, बोलता बोलता दोन दिवसांत ठरलं असेल. मी तुला गोड बोलून पहिलं उत्तर देऊन पाठवणार नाही. पण रात्री एक वाजता स्टोरी अकराव्यांदा बघून यातलं कुठलं खरं हे कळणार नाही, फोटोत ते नसतं.

तेव्हा विचारायचं. ग्रुपवर नाही, हे लक्षात ठेव, ग्रुपवर विचारलंस की चौघींना एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं आणि मग त्या एकमेकींना पर्सनलवर मेसेज करून उत्तर ठरवतात. एकीलाच विचार, त्या रूममेटला. ट्रिप चालू असताना नको. परत आल्यावर दोन-तीन दिवस जाऊ देत, आणि दिवसा. शक्यतो फोन कर, लिहायचंच असेल तर असं काहीतरी लिही, तुझ्या शब्दांत बदलून घे:

"अगं, तुमचे फोटो बघितले. मी मस्त एन्जॉय लिहिलं खरं पण मला वाईट वाटलं. मला येता आलं नसतंच, तरी विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं. मी दोनदा नाही म्हणाले म्हणून विचारलं नाहीत का? पुढच्या वेळी मी नाही म्हणणार असले तरी विचारा."

बास. यात 'तुम्ही नेहमीच' नाही, 'मला वाटलंच होतं' नाही, आणि शेवटी 'जाऊ दे, सोड' पण नाही. ते 'जाऊ दे सोड' लिहायचा मोह तुला नक्की होईल, मेसेज पाठवायच्या आधी पुसून टाक, कारण ते लिहिलं की समोरचीला खरंच सोडून द्यायची मुभा मिळते.

ती कदाचित लगेच फोन करेल आणि दोघी रडाल. कदाचित 'अगं तसं काही नाही ग' एवढंच येईल, जे उत्तर नसतं. कदाचित निळ्या टिका दिसतील आणि पुढे काहीच नाही, तर दोन-चार दिवस फार वाईट जातील हे मी नाकारत नाही, पण मग तुला कळेल की हा ग्रुप पाचाचा चाराचा केव्हाच झालाय आणि त्याचं दुःख तू उघडपणे करू शकशील, स्टोरीआडून नाही.

आणि तिच्या त्या न आलेल्या लाईकबद्दल. दिवसभर तू मोजलंस की तिघींनी केलं, तिने नाही. तिघींनी बघितलं आणि जाता जाता अंगठ्याने बदाम दाबला, त्यात काय विशेष. ती मात्र किती वर्षं तुझ्या शेजारच्या कॉटवर झोपलीय. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा तुझा चेहरा तिने बघितलाय, घरून फोन आल्यावरचा बघितलाय, आणि फोटोसाठी ओढूनताणून हसलीस की तू कशी दिसतेस हे त्या चौघींत तिला सगळ्यात चांगलं माहीत असणार. फोन करशील तेव्हा तेही विचार तिला.